कोडोलीच्या निरोगी बायका

सम्राटचं आणि माझं पहिल्या दिवसापासून वाकडं. तो कॉम्प्युटरवाला. पंख्याखाली बसून आकड्यांचे ढीग लावायचे आणि दुसऱ्याच्या कामात खोड काढायची, एवढंच त्याचं संशोधन. मी तीन वर्षं गावोगाव फिरून लोकांची थुंकी गोळा केली. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं कोल्हापूरला यायचं, आणि ह्या शहाण्यानं नाकाला रुमाल लावून विचारायचं, "झाकण घट्ट हाय न्हवं?"

आमचं काम तोंडाच्या कॅन्सरवरचं. थेंबभर लाळ पट्टीवर टाकली की पट्टीतला सेन्सर लाळेतली पाच प्रथिनं ओळखतो आणि प्रत्येकाचा आकडा देतो. सम्राटचा प्रोग्रॅम ते पाच आकडे बघून माणसाला निरोगी किंवा संशयित ठरवतो. पण आधी त्याला शिकवावं लागतं. आजारी लाळ कशी असते ते दाखवायला आम्ही दवाखान्यातल्या पेशंटांची आणली. निरोगी लाळ दाखवायला माझ्या गावच्या, कोडोलीच्या बेचाळीस बायकांची आणली, कारण आमच्या बायका तंबाखू खात नाहीत. फॉर्म मी बनवला, मीच भरला. पहिला नमुना माझ्या आईचा.

गुरुवारी सम्राटनं विजयसिंह सरांसमोर लॅपटॉप उघडला. सर आमचे गाईड. सोमवारी पेपर पाठवायचा होता, त्यामुळे आधीच वैतागलेले.

"सर, ह्या बेचाळीसपैकी एकोणतीस बायका निरोगीत बसंनात," सम्राट म्हणाला. "पेशंटांच्या बाजूला सरकायला लागल्यात."

"मग प्रोग्रॅम नीट करा," मी म्हणाले.

"प्रोग्रॅम नीटच हाय, मॅडम. तुमच्या नळ्या बदलल्यात, न्हायतर फॉर्म घरात बसून भरल्यात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकेका बाईला चुलीपुढून उठवून, तिच्या सासूची बोलणी खाऊन मी ते नमुने आणले होते.

त्यानं स्क्रीनवर एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "एक नंबर तर सगळ्यांच्या पुढं. कोण ओ ही बाई? तंबाखूचा बार भरत असणार बघा."

"माझी आई आहे ती. तोंड सांभाळून बोल."

तीन वर्षांत पहिल्यांदाच मी त्याला अरेतुरे केलं. त्यानं मान खाली घातली, पण माफी मागितली नाही. सरांनी चष्मा काढून टेबलावर आपटला.

"क्रांती, एक नंबरचा नमुना परत आण. पुन्हा तेच आलं तर बेचाळीसच्या बेचाळीस काढून टाकायचे."

म्हणजे माझी तीन वर्षं कचऱ्यात. "आणते," मी म्हणाले. "आणि आकडा बरोबर आला की ह्यांनी सगळ्यांदेखत माझी माफी मागायची."

"आणि न्हाय आला तर?" सम्राटनं विचारलं.

मी दार आपटून बाहेर पडले.

शुक्रवारी संध्याकाळी घरी पोचले. आईला सगळं सांगितलं, तर ती माझ्याहून जास्त भडकली. "मला तंबाखू खाणारी म्हणला? कोण मुडदा त्यो? आण की हिकडं त्याला एकदा." मला बरं वाटलं. आपल्या बाजूनं कोणीतरी भांडतंय, याचं सुख वेगळंच असतं.

मग तिनं आमटी वाढली आणि माझं पुन्हा डोकं फिरलं. नुसतं पिवळं पाणी. "ही काय आमटी झाली? दवाखान्यात देतात असली."

"गप खा. तिखट सोसत न्हाय मला आता."

वर्षभर हेच चाललं होतं. चटणीचा डबा फळीवर मागं गेला होता, तांबडा रस्सा घरात बंद झाला होता. वय झालं असेल, असं म्हणून मी वरून चटणी घेतली आणि जेवले.

सकाळी उठल्या उठल्या मी नळी आणि पट्टी काढली. नमुना दात घासायच्या आधी घ्यायचा, हा आमचा नियम. तीन वर्षांपूर्वीही आईला झोपेतून उठवूनच घेतला होता. पण आज ती माझ्या आधी उठून उंबऱ्यावर बसली होती.

"आई, इकडं ये. तोंड धुऊ नको अजून."

"थांब की जरा. घासून हुंदे."

तिनं कमरेची डबी काढली, टिचकी मारून उघडली, काळ्या भुकटीची चिमूट बोटावर घेतली आणि उजव्या गालाच्या आत घासायला लागली. काळी पिंक टाकली. परत चिमूट घेतली. अर्धा तास तरी चालतं हे तिचं.

मशेरी. तव्यावर तंबाखू भाजायची, काळी करायची आणि चुरायची. लहानपणी तो वास आला की मला ठसका लागायचा आणि मी घरामागच्या परड्यात पळायचे. मला सगळं माहीत होतं. रोज सकाळी बघत होते, म्हणून कधी बघितलंच नव्हतं.

फॉर्ममधला प्रश्न मला तोंडपाठ होता. तंबाखू, गुटखा, मावा खाता का? बायका रागानं म्हणायच्या, "न्हाय बाई, असलं काय इचारतीस?" आणि मी "नाही"वर खूण करायचे. आईला तर तेवढंही विचारलं नव्हतं. आपलीच आई, काय विचारायचं, म्हणून खूण करून मोकळी झाले होते. प्रोग्रॅमला मी शिकवत होते की निरोगी माणूस म्हणजे अशी लाळ. आणि सम्राटचा तो आगाऊ प्रोग्रॅम ऐकत नव्हता, म्हणून मी त्याला शिव्या देत होते. मला माझीच शिसारी आली.

"आई, ही तंबाखू आहे."

"ही मशेरी हाय. तंबाखू बाप्ये खात्यात."

"तोंड उघड."

"हो बाजूला. घासू दे."

मी तिचा हात धरला. तिनं झिडकारला. मी परत धरला, चूळ भरायला लावली आणि मोबाइलचा उजेड पाडला. उजव्या गालाच्या आत, जिथं बोट फिरतं तिथंच, चुना लागल्यासारखा पांढरा डाग होता. नखाएवढा.

"हे कधीपासून?"

"झालं की वरीस. तिखट लागलं की आग हुती निस्ती."

असला प्रत्येक डाग कॅन्सर नसतो, हे मला माहीत आहे. तुकडा काढून तपासल्याशिवाय काही कळत नाही, हेही माहीत आहे. पण वर्षभर ती आमटी पातळ करत होती आणि मी तिच्या हाताच्या चवीला नावं ठेवत होते.

"आवर. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचंय."

"मला काय धाड भरलीया?" ती उठली, आत गेली आणि रेशनकार्डाच्या पिशवीतून एक कागद घेऊन आली. प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेला. "तूच दिलास न्हवं? वाच काय लिवलंय."

'तोंडाच्या तपासणीत दोष नाही.' खाली शिक्का. कागद मिळाल्याशिवाय एकही बाई थुंकी द्यायला तयार नव्हती, म्हणून मी बेचाळीस कागद छापून आणले होते. एकीचंही तोंड उघडून बघितलं नव्हतं.

"ही सही कुणाची?" आईनं विचारलं.

"माझी."

"मग?"

"खोटं लिवलंय, आई. न बघता लिवलंय."

ती आता मुस्काटात मारणार, असं वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं.

"आन रातच्याला मी त्या पोराला मुडदा म्हणलो," ती सावकाश म्हणाली. मग पदर खोचून तिनं चपला घातल्या.

"पिशवी घे, एसटी निघेल," मी म्हणाले.

"दवाखान्यात मागनं. आधी धोंडुबाईकडं चल. दोन म्हैनं झालं तिला घास गिळवत न्हाय. डाक्टरकडं जा म्हणलं की ती ह्योच कागद दावती. तिला घेतल्याबिगर मी न्हाय यायची."

धोंडुबाईचं घर चार दारं सोडून. मी बाराव्या नमुन्यावर तिचं नाव लिहिलं होतं. आई पुढं आणि मी मागं. एकदा वाटलं, पळून जावं. सोमवारी पेपर पाठवावा आणि कोणाला काही कळू देऊ नये. हे खरंच वाटलं, म्हणून सांगते.

धोंडुबाई अंगणात बसली होती. गळ्याची हाडं वर आलेली. मला बघून तिचा चेहरा उजळला, पण ओठ नीट उघडले नाहीत. बोलताना एक बाजू तशीच मिटलेली राहिली.

"ये क्रांती, ये. नवा कागद आणलास व्हय?"

आईनं माझ्या पाठीत कोपर मारलं.

"सांग तिला," ती म्हणाली.