हिंगाच्या वासाचं तेल

जीपचं तेल गेलं हे दिवाकररावांना कळलं तो चैत्रातल्या नवरात्राच्या आधीचा रविवार होता. रायपूरच्या समता कॉलोनीतल्या त्यांच्या घरासमोर जीप उभी असायची आणि जीपखाली एक चेपलेली परात. परात त्यांच्या बायकोने, इंदूने ठेवलेली. रात्री ती सरकवायची आणि सकाळी तिच्यात काय पडलंय ते बघायचं, हे इंदूचं काम. इंदू गेल्या पावसाळ्यात गेली. तेव्हापासून जीप हलली नव्हती आणि परातीत कोणी डोकावलं नव्हतं. त्या रविवारी दिवाकरराव वाकले, तर परात काठोकाठ भरलेली.

तेल कुठलं ते आधी ओळखायला हवं होतं. इंदूची रीत सोपी होती. बोट बुडवायचं आणि हुंगायचं. इंजिनचं तेल काळं, जळकट. गियरचं घट्ट, आणि त्याला हिंगासारखा वास. दिवाकररावांनी बोट हुंगलं, पण खात्री होईना. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी हिंगाची डबी उघडली. एकदा डबी हुंगली, एकदा बोट. पुन्हा डबी, पुन्हा बोट. सून अनुश्री दारात उभी राहून बघत होती. तिचं माहेर भोसल्यांच्या काळापासून रायपूरचं. मराठी तिला सगळी समजायची, उत्तर मात्र हिंदीत यायचं.

"बाबा, तबीयत ठीक है ना?"

"ठीक आहे. गियरचं आहे."

"क्या?"

"तेल," म्हणून दिवाकररावांनी डबी जागेवर ठेवली.

जीप चालू होणं गरजेचं होतं, कारण तिच्या मागच्या सीटवर घंटा होती. रायपूरचं राज्य भोपाळपासून वेगळं झालं तेव्हा सरकारी माणसांची वाटणी निघाली, आणि मुलाचं, स्वानंदचं नाव भोपाळच्या यादीत आलं. इंदूने धमतरीपलीकडच्या डोंगरावरच्या देवीला नवस बोलला, "पोट्टा रायपुरातच राहू दे, पितळी घंटा बांधीन." पोट्टा राहिला. घंटा आली. इंदू राहिली नाही. आता निदान या नवरात्रात तरी ती घंटा देवीच्या दारी लागायला हवी होती. डोंगराची शेवटची चढण नुसत्या सुट्या दगडांची. तिथे साधी गाडी जात नाही, चारही चाकं ओढणारी जीपच जाते. आणि पायी चढायला दिवाकररावांचे गुडघे राजी नव्हते.

"मैं चढ़ा दूँगा ना," स्वानंद म्हणाला होता.

"तिनं मले सांगितलं होतं. तुले नाही."

शंकर नगरात भार्गवचं गॅरेज होतं. भार्गवकडे हत्यारं कमी आणि खात्री फार. त्याने गियरबॉक्समध्ये तेल भरून जीप गॅरेजवर नेली, खाली सरपटला आणि दोन मिनिटांत बाहेर आला.

"काकाजी, मागचं सील गेलं. हव, पक्कं."

सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, बदललं. दिवाकरराव परात बगलेत मारून गॅरेजवर गेले आणि जीपखाली ठेवून आले. दुसऱ्या दिवशी परातीत तेल.

"मंग पुढचं असन."

तेही बदललं. पुन्हा तेल. पुढच्या सकाळी भार्गव परातीकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काकाजी, परातच बदलून पाहा."

दिवाकररावांची सगळी नोकरी सिंचन खात्यात, तलाव आणि कालव्यांवर गेली होती. ते स्टुलावर बसले.

"तू तेल कुठी भरून राहिला?"

"गियरबॉक्सात. रोज कमी होते न."

"अन् ट्रान्सफर केसमंधी?"

गियरबॉक्सच्या पाठीला चिकटलेला एक लोखंडी डबा असतो, जो चारही चाकांना जोर वाटून देतो, तो ट्रान्सफर केस.

"तिथं भराचं कामच नाही पडलं, काकाजी. तो तं नेहमी भरलेलाच असते."

"काहून भरलेला असते, कधी विचार केला?"

भार्गवने विचार न करता त्या डब्याचं बूच उघडलं. तेलाची धार थेट त्याच्या बाहीत शिरली आणि कोपरातून निघाली.

"आता आयक," दिवाकरराव म्हणाले. "हे दोन तलाव आहेत. मधातलं गेट गळकं. तू रोज वरचा तलाव भरून राहिला, तेल खालच्यात उतरून राहिलं, अन् खालचा सांडव्यावरून वाहून राहिला. अन् तू सांडव्याले चिखल लिपून राहिला."

भार्गवने बाही पिळली. "म्हंजे मधातलं सील. ते आता रायपुरात नाही भेटत. मिल्ट्रीच्या जुन्या जीपचं सामान जबलपूरले भेटते, तिथून मागवा लागन."

"मागव."

दिवाकररावांनी सांडलेल्या तेलात बोट बुडवून हुंगलं आणि ते निघाले. भार्गवने डबा उघडला, आत पाहिलं, आणि त्यांच्या घरी फोन लावला. आपला आवाज सगळ्या रायपूरला ठाऊक आहे असा त्याचा समज होता, म्हणून तो फोनवर नाव सांगत नसे.

"दीदी, अंकल को बता देना, ट्रान्सफर केस खुल गया है."

अनुश्री म्हणाली, "कौनसा ट्रान्सफर केस?"

"आप ही के घर का. अंदर से गड़बड़ है. अब जो आएगा, जबलपुर से आएगा. तब तक कुछ नहीं हो सकता."

त्या दिवसांत रायपूरच्या सरकारी घरांत ट्रान्सफरचा एकच अर्थ होता. अनुश्रीने स्वानंदला ऑफिसात फोन केला. स्वानंद धावत बदल्यांचे कागद सांभाळणाऱ्या नरहरीबाबूंकडे गेला.

"तुम्हारा? तुम्हारा तो कोई केस ही नहीं है," नरहरीबाबू म्हणाले.

"घर पे फोन आया है, बाबूजी. जबलपुर."

नरहरीबाबूंनी चष्मा काढून पुसला. "फोन आया है तो होगा. देखता हूँ."

दिवाकरराव घरी पोचले तेव्हा बैठकीत सगळे खाली माना घालून बसलेले. शेजारच्या कमलाबाई खिचडीचा डबा घेऊन आल्या होत्या. हाच डबा त्यांनी गेल्या पावसाळ्यातही आणला होता. डबा दिसला तसे दिवाकरराव उंबऱ्यातच थांबले.

"कोण गेलं?"

"बाबा, जबलपूर!" स्वानंद म्हणाला. घाबरला की त्याला मराठी यायची.

"हो, ठावूक आहे. मीच मागवलं."

"तुम्ही?"

"मंग काय करू? सगळं वरून खाली गळून राहिलं होतं."

कमलाबाईंनी तोंडाला पदर लावला. "बाई वं! पोटच्या पोराले?"

"पोराचं काय मधात? भार्गवनं बूच उघडलं, मधातलं सील गेलेलं निघालं. जबलपूरहून येईलोक जीप उभी."

दिवाकररावांनी तेलाचं बोट सुनेपुढे धरलं. तिने हुंगलं.

"हींग?" ती म्हणाली, आणि मग तोंडावर हात घेऊन मटकन खालीच बसली. हसू आवरेना. स्वानंदला कळायला थोडा वेळ लागला.

"म्हंजे डबा वापस नेऊ काय?" कमलाबाईंनी विचारलं.

"ठेवा वं बाई. खिचडीची काय ट्रान्सफर होऊन राहिली?"

इंदू गेल्यापासून त्या घरात असं कोणी हसलं नव्हतं. हसता हसता दिवाकररावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग ते हात धुवायला गेले.

जबलपूरहून सील आलं, पण ते दुसऱ्याच गाडीचं निघालं. भार्गवच्या मते त्याला जरा तासलं असतं तर बसलं असतं. दिवाकररावांनी ते परत पाठवायला लावलं. तिकडे नरहरीबाबूंना स्वानंदची केस काही सापडली नाही. म्हणून त्यांनी 'केस नसल्याबाबत' अशी नवी फाइल उघडली आणि ती साहेबांकडे सहीला पाठवली. आता स्वानंद रोज तिची चौकशी करतो.

नवरात्र होऊन गेलं. दुसरं सील अजून आलेलं नाही. घंटा जीपच्या मागच्या सीटवर आहे. ती बांधायची राहिली आहे.