साहेबांच्या गल्लीची घरपट्टी

नगरपालिकेची घरपट्टी ठरवायची रीत तशी सोपी होती. आधी वर्षाचा खर्च मांडायचा: पाणी, दिवे, कचरा, आगीचा बंब. इतर उत्पन्नातून भागणार नाही तेवढी रक्कम घरांच्या किमतीच्या प्रमाणात सगळ्यांत वाटायची. एकाचा वाटा हलका झाला, की तेवढा भार इतरांच्या डोक्यावर.

घरांच्या किमती ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला लोक ‘मोजपट्टी’ म्हणत. यंदा स्वतःच्या घराची पाळी आली, तेव्हा त्याने किंमत मुद्दाम चढी लावली. साहेबांनी स्वतःला सांभाळून घेतलं, असं कुणी म्हणायला नको! पण सारख्या घरांना सारखी किंमत, हे हाताखालच्या लेखनिकाच्या डोक्यात त्यानेच भरवलं होतं. लेखनिकाने साहेबांचं घर प्रमाण धरून अख्खी गल्ली वर चढवली, आणि मोजपट्टीने डोळे झाकून सही ठोकली.

हरकतींच्या सुनावणीत पहिली उभी राहिली त्याची थोरली बहीण. ती त्याच्या शेजारच्याच घरात राहायची, शिवणकामावर पोट भरायची.

“बोला,” मोजपट्टी म्हणाला.

“अहो-जाहो कसलं करतोस? एवढी पट्टी भरायची तर मला घर विकावं लागेल.”

“ताई, शेजारच्या घराला जी किंमत, तीच तुझ्या...”

“शेजारचं घर तुझंच की रे! बरं, त्याच किमतीला माझं घर तू घेतोस का? आत्ता देते.”

मागच्या बाकांवर खसखस पिकली. मोजपट्टीला हसू आलं नाही. त्या किमतीला ते घर कुणीच घेतलं नसतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण गल्ली खाली आणायची, तर आधी स्वतःचं घर खाली आणायला हवं होतं, तेही भरसभेत.

तो उभा राहिला. “माझ्या घराची किंमत मीच जास्त लावली होती. चूक माझी. माझं घर आणि सगळी गल्ली खऱ्या किमतीवर येईल.”

“आणि आमची पट्टी वाढेल!” पलीकडच्या गल्लीतला बेकरीवाला ओरडला.

“थोडी वाढेल. खर्च तेवढाच आहे.”

“वा! भावाचं भलं, बहिणीचं भलं!”

ज्या बोलण्याला तो जन्मभर भ्यायला, ते अखेर कानावर पडलं. त्याने दुरुस्तीवर सही केली. ताईने टेबलावरचा पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

“पी आधी. कान लाल झालेत.”

तो घोटभर प्यायला. “पुढची हरकत?”

बेकरीवाला बाह्या सरसावत उठला.