माझ्या गादीच्या खोळीतले पत्र

मित्रांनो, मी एक जुना डुलता पाळणा आहे. सात वर्षे माझ्या गादीच्या खोळीत एक पत्र होते. 'ताबडतोब उत्तर पाठवा' असे त्यात ठळक अक्षरांत छापले होते, आणि ज्यांच्या नावावर ते आले होते त्यांनी उत्तर पाठवले नव्हते. ही गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पाळण्याकडून लोक वेगळ्या गोष्टींची अपेक्षा करतात. पण त्या घरात घडलेले सगळे पाहणारा मी एकटाच उरलो आहे, म्हणून सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मी काही सागवानी नव्हतो. पातळ लोखंडी नळ्या, निळ्या कापडाच्या खोळीतली गादी, बाळाच्या कमरेला बांधायचा एक पट्टा आणि डुलण्यासाठी खाली दोन वाकवलेले पाय, एवढाच मी. तुमच्या घरच्या पाळण्यात बाळ आडवे झोपते. माझ्यात ते आरामखुर्चीत टेकल्यासारखे अर्धे उभे झोपे, आणि लवकर झोपे. माझी जाहिरातच तशी होती. तपासणीच्या टेबलावर एक बाई बसत. त्यांनी वाळू भरलेली एक बाहुली माझ्यात ठेवली आणि मला चार वेळा हलवले. चारही वेळा बाहुलीची मान पुढे पडली. त्यांनी साहेबांना बोलावून दाखवले.

साहेब म्हणाले, "बाहुलीची मान सैल झालीय. नवी मागवा."

नवी बाहुली आली की नाही, मला ठाऊक नाही. मी त्याच दिवशी खोक्यात बंद झालो.

मला विकत घेतले आर्वो साल्मेला आजोबांनी. लोखंडाची माती भरून जहाजे जिथून निघतात, त्या सरोवराकाठच्या गावात त्यांनी एकतीस वर्षे घरोघर टपाल वाटले होते. पाकीट हातात घेतल्याबरोबर ते आत काय आहे ते ओळखत, अशी त्यांची ख्याती होती. त्यांचे जुने सोबती कॉफी प्यायला आले की थट्टा करत, "आर्वो, माझ्या सासूनं या वेळी काय लिहिलंय, जरा बोट लावून सांग ना." आजोबा लाजत आणि वेलचीच्या पावाचा आणखी एक तुकडा पुढे करत.

त्यांची मुलगी हाइडी बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिचा नवरा डेल जहाजावर कामाला होता आणि थंडीने पाणी गोठेपर्यंत घरी येत नसे. बाळाचे नाव लेन्नी. माझ्या खोक्यात नोंदणीचे एक कार्ड होते. अशी कार्डे सहसा कोणी भरत नाही. पण परत पाठवायचे कार्ड तसेच टाकून देणे आजोबांना जमायचे नाही. त्यांनी सुवाच्य अक्षरांत आपले नाव आणि पत्ता लिहिला आणि स्वतः पेटीपर्यंत चालत जाऊन ते टाकले.

ते चार महिने माझे सुखाचे. लेन्नी रडू लागला की माझ्यात ठेवत आणि तो शांत होई. शेजारच्या बायका मला डुलवून बघत आणि कुठून आणला म्हणून विचारत. मला फार अभिमान वाटे. आज त्या अभिमानाची लाज वाटते.

नोव्हेंबरात एका सकाळी आजोबांनी टपाल आणले. त्यात एक खिडकीचे पाकीट होते, आतला पत्ता पारदर्शक चौकोनातून दिसणारे. पत्ता यंत्राने छापलेला, तिकिटाच्या जागी घाऊक टपालाचा शिक्का, आणि कोपऱ्यात तांबड्या अक्षरांत 'महत्त्वाचे'. आजोबांनी ते लेन्नीच्या नाकासमोर हलवले.

"लेन्नी, नीट ऐकून ठेव. ज्याच्यावर महत्त्वाचं असं छापलेलं असतं ना, ते कधीच महत्त्वाचं नसतं."

लेन्नी हसला. पाकीट शेगडी पेटवायच्या रद्दीच्या टोपलीत गेले. अशी हजारो पाकिटे त्यांनी आयुष्यभर दारोदार टाकली होती आणि लोकांनी ती न उघडता फेकताना पाहिली होती. दुसऱ्या कोणी कदाचित कुतूहलाने फोडलेही असते. त्यांना उघडायची गरजच वाटली नाही.

त्यानंतर अकरा दिवसांनी हाइडी रात्रपाळी करून आली. ती वृद्धाश्रमात काम करी. तिने लेन्नीला पाजले, माझ्यात ठेवले, पट्टा लावला, गारठा होता म्हणून एक पांघरूण घातले आणि समोरच्या कोचावर आडवी झाली. आजोबा चर्चच्या पायऱ्यांवरचे बर्फ फोडायला गेले होते. बाहेर लख्ख ऊन होते.

पुढचे मी थोडक्यातच सांगेन. लेन्नीची मान पुढे झुकली. हनुवटी छातीला टेकली. तिला परत वर उचलायचे बळ त्याच्या मानेत नव्हते आणि माझी पाठ त्याला पुढेच ढकलत होती. मी डुलायचा थांबलो होतो. मला हाक मारता येत नाही. हाइडी चाळीस मिनिटांनी उठली.

डॉक्टरांच्या कागदावर कारण समजले नाही असे लिहिले होते. मग कारण ज्याने त्याने आपापले शोधले. हाइडीने दोष पांघरुणाला दिला आणि आपल्या झोपेला. डेल किनाऱ्यावर आला, दफन झाले, आणि त्याने तिला एकच प्रश्न विचारला. तू किती वेळ झोपली होतीस? तिने खरे सांगितले. पुढच्या उन्हाळ्यात त्याने दुसऱ्या बंदरात घर घेतले.

मला स्वयंपाकघरामागच्या खोलीत, बुटांच्या आणि रद्दीच्या टोपलीच्या शेजारी ठेवले. तिथेच एका शनिवारी आजोबा वाफेच्या अंघोळीची शेगडी पेटवायला कागद घेऊ लागले. खिडकीच्या पाकिटातून पत्त्याखाली निळ्या रंगाचा एक कोपरा दिसत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग पाकीट फोडले. आत माझे चित्र होते. या पाळण्यात बाळाला झोपवू नका, त्याचा पट्टा कापून सोबतच्या कार्डासह परत पाठवा, असे लिहिले होते. वरची तारीख लेन्नी असतानाची होती.

आजोबा पत्र घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. हाइडी लेन्नीच्या दुधाच्या बाटल्या धूत होती. पंधरा दिवस झाले होते, तरी ती रोज धूत असे. आजोबा दारात उभे राहिले, आणि परत आले. त्यांनी माझी खोळ उघडली, पत्र आत सरकवले आणि चेन लावली.

त्या दिवसापासून त्यांनी एकही पाकीट न वाचता टाकले नाही. गालिचे धुवून मिळतील, दात बसवून मिळतील, सगळे ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. आणि रोज सकाळी हाइडीसाठी कॉफी करून ठेवत. ती माहेरीच राहिली होती. सात वर्षांत दिवसा ती एकदाही आडवी झालेली मी पाहिली नाही.

सातव्या वर्षी आणखी एक खिडकीचे पाकीट आले. माझ्यासारखे पाळणे घेतलेल्या शेकडो आईबापांनी मिळून कंपनीवर एकच दावा लावला होता आणि न्यायालयाने त्यांना नुकसानभरपाई देऊ केली होती. खोलीचे दार उघडे होते. हाइडी मोठ्याने वाचत होती. 'सदोष' या शब्दावर ती थांबली. तो शब्द तिने तीनदा वाचला.

"बाबा, पांघरुणानं नव्हतं झालं ते."

आजोबांनी साखरेचे भांडे तिच्यापुढे सरकवले.

"मी आडवी झाले, झोप लागली, त्यानं नव्हतं झालं. छापून आलंय. बघा तरी."

अर्जावर खरेदी करणाऱ्याची सही हवी होती, म्हणजे आजोबांची. पाचवा प्रश्न होता, यापूर्वी तुम्हाला धोक्याची सूचना मिळाली होती का? मिळालेली असेल, तर दावा फेटाळला जाऊ शकतो, असे खाली बारीक अक्षरांत होते. आजोबांनी 'नाही'वर पेन्सिलने खूण केली. मला ती खूण दिसली नाही, पण पेन्सिल ऐकू आली.

अर्जासोबत पाळण्याच्या पट्ट्याचा तुकडा, क्रमांकाच्या चिठ्ठीसकट, जोडायचा होता. हाइडी म्हणाली, चिठ्ठी खोळीच्या आत शिवलेली असते, मी कापून आणते. तिने कात्री घेतली आणि खोलीत आली. तिचा हात माझ्या चेनवर होता.

"थांब," आजोबा दारातून म्हणाले. "आत एक पत्र आहे. आधी मला सांगू दे."

त्यांनी उभ्यानेच सांगितले. अकरा दिवस, तांबडी अक्षरे, टोपली. लेन्नीला काय म्हणाले होते तेही. हाइडी बुटांच्या फळीवर बसली. कात्री तिच्या हातातच होती.

"तुम्ही रोज मला कॉफी करून दिलीत," ती म्हणाली. "मी रोज तुमच्यासमोर बसून म्हणायचे, मी झोपायला नको होतं. रोज. आणि तुम्ही साखर पुढे करायचात."

"हो."

"एकदा तरी तोंड उघडायचंत, बाबा."

"तू निघून जाशील असं वाटलं."

ती निघून गेली. मैत्रिणीकडे चार दिवस राहिली. आजोबांनी त्या चार दिवसांत कॉफी केली नाही. पाचव्या दिवशी ती आली, कोट न काढता टेबलाशी बसली आणि अर्ज पुढे ओढला. पेन्सिलची खूण पाहिली.

"हे खोडा. होय म्हणा."

"मग तुला काही मिळायचं नाही, पोरी."

"मिळालं ते. छापलेलं. आता त्याच कागदावर तुमचं खोटं नको."

आजोबांनी शाईने 'होय' केले. खाली अधिक माहितीसाठी चार ओळी होत्या. त्यांनी लिहिले, पत्र वेळेवर आले होते. मी ते उघडले नाही. माझ्या मुलीला याची कल्पना नव्हती. चौथी ओळ त्यांनी रिकामी सोडली. मग त्यांनी माझा पट्टा ताणून धरला आणि हाइडीने कापला. तिने त्यांच्याकडे पाहिले नाही, पण त्यांच्या बोटांना कात्री लागू नये म्हणून हळू कापले.

मित्रांनो, मी कोणाला दोष देऊ, हे मला अजून कळत नाही. मोठेपणी तुमच्यापैकी कोणी तपासणीच्या टेबलावर बसेल. बाहुलीची मान पुढे पडली तर बाहुली बदलू नका. आणि तुमच्या हातून एखादी गोष्ट राहून गेली, आणि तिचा भार दुसरे कोणी आपला समजून वाहत असेल, तर त्या माणसाला सांगा. फार उशीर झाला असे वाटले तरी सांगा.

माझ्या पट्ट्याचा तुकडा पाकिटात होता, म्हणून शेवटचेही मला ठाऊक आहे. दोघे चालत कोपऱ्यावरच्या पेटीशी गेले. पाकिटावर आजोबांनी खरे तिकीट लावले होते. त्यांनी ते फटीत अर्धे घातले आणि धरून ठेवले.

"एकदा आत पडलं की ते आपलं राहत नाही," ते म्हणाले. "मागूनही कोणी परत देत नाही."

"माहीत आहे," हाइडी म्हणाली. "म्हणूनच बरोबर आले."

त्यांनी बोटे सोडली.