चौथ्या ठोक्यानंतर

अक्काच्या घरात दोन शहाणे होते, आणि दोन शहाण्यांचं एका छपराखाली कधी पटलंय? एक पोटचा मुलगा, लोहार. दुसरा पाठचा भाऊ, ज्याला सगळं गाव मामाच म्हणे.

मामा झोडपणीवाल्यांचा म्होरक्या. खळ्यावर पेंढ्या पसरून चौघं समोरासमोर उभे राहत आणि पाळीपाळीनं दांडे हाणत. चौथा ठोका पडला की सगळे एक श्वास थांबत. तेवढ्या उसंतीत मामा वाकून हात घालायचा, पेंढी उलटायचा. उभा जन्म गेला, नखाला कधी दांडा लागला नाही.

अक्काचा नवरा मात्र त्या खळ्याच्या धुळीनं छाती भरून गेला. मुलानं ते पाहिलं होतं. त्यानं लोखंडी दातांच्या पट्ट्या बसवून लाकडी ढोल केला आणि ओढ्याच्या पाण्यावर फिरवला. चौघांचं आठवड्याचं काम दुपारच्या जेवणाआधी उरकलं. पुढच्या हंगामात मामाचे तिन्ही जोडीदार शहरातल्या गिरणीत गेले. तिथेही म्हणे असलेच ढोल, फक्त कापूस पिंजणारे.

मामा तेवढा उरला. भाचा जेवायला बसला की हा उठायचा.

"त्या खोक्यापुढे वाकण्यापेक्षा मी भीक मागेन, अक्का."

"माग की! वाडगं मी देते. पण भीक मागायलाही गोड बोलावं लागतं, ते तुझ्या तोंडाला झेपायचं नाही. आणि दोनदा ताटं वाढायला मी काय खानावळ काढलीय? तुला खोकताना बघायला नको, म्हणून केलंय रे पोरानं ते."

दुसऱ्या दिवशी मामा यंत्राच्या तोंडाशी पेंढ्या सारायला उभा राहिला. अक्कानं कुणाला दाखवलं नाही, पण त्या संध्याकाळी दोघं एकत्र जेवायला बसले तेव्हा तिनं भाजीत दोनदा मीठ घातलं.

"खारट झालंय," मुलगा म्हणाला.

"मग पाणी पी."

हंगाम सरत आला तसा ओढा आटला, ढोल हळू फिरू लागला. त्यातच पाच पट्ट्यांपैकी एक सैल झाली. मुलानं ती काढून ठेवली. चार पट्ट्यांवर काम भागत होतं.

"काय रे, तुझं यंत्र लंगडतंय," जेवताना मामा हसत म्हणाला. "चार ठोके, मग उसंत. आता कुठे माणसासारखं बोलायला लागलंय!"

अक्काही हसली. किती दिवसांनी भाऊ हसला होता.

सकाळी ती भाकरीचा डबा घेऊन गेली तेव्हा यंत्राच्या तोंडात एक पेंढी आडवी अडकली होती. ठक, ठक, ठक, ठक. मामा वाकला. घाई नाही, भीती नाही, उभ्या जन्माची सवय. त्यानं हात घातला.

उसंत माणसं देतात. ढोल फिरतच होता.

हात मनगटाच्या वरून गेला. मुलानं यंत्राच्या तोंडावर लाकडी झाकण बसवलं. दूरदूरचे लोक येऊन त्याचा नमुना घेऊन गेले, झाकणासकट. गावोगावी खळी ओस पडली आणि मुलाचं नाव झालं. आता तो रोज मामाशेजारी बसतो, घास मोडून देतो. दोघांनी एकत्र जेवावं एवढंच अक्कानं मागितलं होतं. मिळालं.

"पोराला बोलू नकोस," मामा सांगतो. "ओळखीची हाक आली, मी गेलो."

एकदा अक्का अंगणात गादी झोडपत होती. मामा पायरीवर डुलक्या घेत होता. चार फटके मारून ती दम खायला थांबली, आणि मामाची रिकामी बाही पुढे आली. मिटल्या डोळ्यांनीच तो वाकला, आणि तिथे नसलेली पेंढी त्यानं अलगद उलटली.

अक्काची काठी वरच राहिली.

तेव्हापासून त्या घरातल्या गाद्या नुसत्या उन्हात पडतात. कुणी पाहुण्यानं धुळीला नाक मुरडलं तर अक्का फटकन म्हणते, "झोपायचंय की हुंगायचंय?"