वच्छलाबाई काही सांगत नाहीत

"अम्मा, पानी कब आता?"

इद्रिस दाराबाहेर रिकामी बादली घेऊन उभा होता. अंगात पायघोळ पांढरा झगा, त्यावर कुणाचं तरी उसनं स्वेटर. हा उंचापुरा माणूस सुदानहून विद्यापीठात पीएच.डी. करायला आला होता आणि सात महिन्यांपूर्वी त्यानं वच्छलाबाईंच्या वरच्या मजल्यावरची खोली भाड्यानं घेतली होती. खालच्या दारातून आत यायचं तर त्याला कमरेत वाकावं लागे, म्हणून तो बाहेरूनच बोलायचा.

"चतुराबाईकू पूछो," वच्छलाबाई म्हणाल्या आणि मेथी निवडत राहिल्या.

"कल भी आप बोला, चतुराबाई को पूछो."

"तो आज भी पूछो."

इद्रिस हसला आणि बादली घेऊन शेजारी चतुराबाईकडे गेला. गारखेड्यात नळाला पाणी आठ दिवसांनी येतं, कधी दहा दिवसांनी. ते नक्की कधी येणार हे लाइनमनला माहीत असतं आणि त्याच्या खालोखाल वच्छलाबाईंना. टँकर कुणाचा बोलवावा, पोलिसांकडे परदेशी माणसाची नोंद करायला कोणते कागद न्यावेत, कोपऱ्यावरचं तांबडं कुत्रं कुणाला चावतं आणि कुणाला नुसतंच भुंकतं, हे सगळं त्यांना पाठ होतं. पण विचारायला गेलं की एकच उत्तर, चतुराबाईला विचारा. परदेशातून नवीन आलेल्या माणसाला असली घरमालकीण भेटावी हे त्याचं नशीबच म्हणायचं.

पूर्वी असं नव्हतं. बाळंतपणाच्या दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं आया म्हणून काढलेली बाई ही. नव्या बाळंतिणीच्या उशाशी डॉक्टरीणबाई पोचायच्या आधी वच्छलाबाई पोचायच्या आणि काय खायचं, कसं निजायचं, सासूला काय उत्तर द्यायचं, सगळं सांगून मोकळ्या व्हायच्या. कुणी विचारलं नाही तरी सांगायच्या. धोंडिबा, त्यांचे यजमान, म्हणायचे, "हिच्या तोंडाला सुट्टी नाय." मग सहा वर्षांपूर्वी त्या तोंडाला कायमची सुट्टी मिळाली, आणि गल्लीनं समजून घेतलं की एकुलता एक मुलगा गेल्यावर बाई गप्प होणारच.

गल्लीचं समजणं अर्धंच होतं.

इद्रिसची बायको सामिया सहा महिन्यांची पोटुशी असताना आली आणि जानेवारीच्या ऐन थंडीत बाळंत झाली. मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी वच्छलाबाई जिना चढून वर गेल्या, बाळाच्या हातावर कोरं झबलं ठेवलं आणि लगेच निघाल्या. खोली नवी होती, स्लॅबची, सरकत्या काचांच्या खिडक्यांची. थंडी आणि डास नकोत म्हणून इद्रिसनं काचांच्या कडांना चिकटपट्टी लावून टाकली होती. वच्छलाबाईंची नजर त्या पट्टीवर गेली आणि तिथंच राहिली.

"अम्मा," सामिया पलंगावरून म्हणाली. तिचं हिंदी नवऱ्यापेक्षा कच्चं होतं. "बेबी का हाथ ठंडा. मैं क्या करूँ?"

वच्छलाबाई दारातच थांबल्या. क्या करूँ. ह्या दोन शब्दांना त्या सहा वर्षं चुकवत आल्या होत्या. बाजारात, बसमध्ये, कुठंही कुणी कुणाला "काय करू" म्हटलं की त्यांच्या कानात दुसराच आवाज उठायचा, लांबचा, फोनमधून आलेला, थंडीनं जड झालेला. 'माय, बोटं वाकंना गेली. काय करू?'

"मेरेकू मालूम नै," त्या म्हणाल्या. "चतुराबाईकू पूछो."

आणि जिना उतरून खाली आल्या.

त्यांचा मुलगा इंद्रजीत डिप्लोमा झालेला. चिकलठाण्याच्या कंपनीतलं कंत्राट संपलं, तेव्हा एका एजंटानं त्याला पोलंडला कोंबड्या कापायच्या कारखान्यात लावून दिलं. दोघा जणांत एक खोली. पहिलाच हिवाळा, आणि खोली गरम ठेवायचं यंत्र बंद पडलं. मालक म्हणाला सोमवारी बघतो. शुक्रवारी इंद्रजीतचा फोन आला. वच्छलाबाई भाकरी थापत होत्या, फोन खांद्याला आणि कानाला लावलेला.

"कोळसा मिळतो का रं तिथं?"

"मिळतो माय. लोकं मटन भाजायला घेतात. पिशवीच मिळती दुकानात."

"मग झालं की! एखाद्या पत्र्याच्या डब्यात पेटव अन् पलंगापाशी ठेव. दार-खिडकी गच्च लाव. दाराच्या फटीत फडकं कोंब, म्हंजी ऊब बाहेर जात नाय. आपून पाचोडला नव्हतो का करत?"

"व्हय. असंच करतो."

एवढंच बोलणं झालं. भाकरीसुद्धा करपली नव्हती.

गावाकडचं, पाचोडचं घर पत्र्याचं होतं. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये मांजर आरामात जाईल एवढी फट होती आणि धोंडिबा दर थंडीला त्या फटीला शिव्या द्यायचे. त्या फटीतून कोळशाचं विष निघून जायचं, त्या फटीनंच आपल्याला जगवलं, हे वच्छलाबाईंना फार उशिरा कळलं. तिकडच्या खोलीला फट नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खोलीत राहणारा दुसरा मुलगा, कृष्णा, पाळीवरून परत आला, तेव्हा दार उघडेना. खाली टॉवेल कोंबलेला होता. महिनाभरानं तो घरी येऊन हे सांगून गेला. घर माणसांनी भरलेलं होतं. कुणीतरी म्हणालं, "शिकला-सवरला पोरगा, एवढी अक्कल नसावी?" वच्छलाबाई हातात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

तेव्हा बोलल्या नाहीत, आणि मग बोलायचं राहूनच गेलं. धोंडिबा दोन वर्षं जगले. रोज संध्याकाळी भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारच्या लेकाच्या फोटोकडे बघून म्हणायचे, "डिप्लोमावाला ना तू? एवढं कळू नये तुला?" वच्छलाबाई आत भांडी घासत ते ऐकायच्या. नवरा पोराला बोल लावत गेला आणि बायकोनं तो लावू दिला. मेलेल्या पोराच्या माथी आपली चूक मारून जगणं सोपं नसतं. इंद्रजीत घरात असायचाच. तो ओरडायचा नाही, रागवायचा नाही. नुसता विचारायचा, काय करू, आणि उत्तराची वाट बघत राहायचा.

सामियानं विचारल्याच्या तिसऱ्या दिवशी वच्छलाबाई पेन्शनच्या कामासाठी बँकेत गेल्या होत्या. दुपारी परतल्या, चपला काढल्या आणि थांबल्या. ओव्याचा वास येत होता. जळत्या कोळशावर टाकलेल्या ओव्याचा. बाळंतिणीच्या खोलीचा हा वास गल्लीतल्या कुठल्याही बाईला सुखाचाच वाटला असता.

त्यांनी जिन्याकडे बघितलं. शेजारून चतुराबाईच आली, तोंडभर हसत.

"वच्छलाताई, तुमी नाय तर नाय, म्या दिली शेगडी. लेकरू गारठून गेलं होतं बघा. चांगली धग केली, धुरी दिली, शेक दिला. आता निजल्यात दोघी मायलेकी."

"खिडकी?"

"आँ?"

"खिडकी उघडी हाय का, चतुरा?"

"बाळंतिणीच्या खोलीची खिडकी कोण उघडी ठेवतं? दाराला बी फडकं लावायला सांगितलं म्या तिला."

बासष्टाव्या वर्षी, दुखत्या गुडघ्यांनी, वच्छलाबाई तो जिना कशा चढल्या ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. दार ढकललं. ते खालून अडलं. लाकूड बोटभर मागं जाऊन पुन्हा पुढं आलं आणि तळव्याला खालचं मऊ कापड जाणवलं. परदेशात एका सकाळी कृष्णाच्या हाताला जे लागलं असेल ते हेच. क्षणभर त्यांना खात्रीच पटली की आत इंद्रजीत आहे, आणि आपल्याला उशीर झाला आहे. मग त्यांनी खांदा घातला.

सामिया कुशीवर पडली होती, तोंड अर्धवट उघडं. पलंगाखाली शेगडीत निखारे लालभडक. वच्छलाबाईंनी आधी लेकरू उचललं, गच्चीत आलेल्या चतुराबाईच्या हातात दिलं, मग परत आत जाऊन खिडकीची चिकटपट्टी नखांनी ओरबाडली. काच सरकेना, तेव्हा कोपऱ्यातला पाट उचलून फोडली. सामियाला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. उन्हात ती ओकली. लेकरू रडत नव्हतं. चतुराबाईनं त्याच्या तळव्यांवर टिचक्या मारल्या, पाठ चोळली, आणि बऱ्याच वेळानं ते एकदा बारीक कण्हलं.

समोरच्या अतुलची रिक्षा आली, दवाखान्यात नेलं, प्राणवायू लावला. इद्रिस विद्यापीठातून धावत आला. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. आता धोका नाही, दोन दिवस ठेवून घेऊ.

चतुराबाई दवाखान्याच्या बाकड्यावर बसून पदरात तोंड घालून रडत होती. "माझ्या तीन लेकींची बाळंतपणं केली म्या ह्याच शेगडीवर. कवा काय झालं नाय. माझ्या हातनं पाप झालं असतं वं, वच्छलाताई. परक्या मुलखातली पोर, विश्वासानं विचारायला आली माझ्याकडं."

"विचारायला ती आदी माझ्याकडं आलती," वच्छलाबाई म्हणाल्या. "म्या सांगितलं नाय."

"तुमाला कशाचं सुचंल? तुमचं आधीच..."

"चतुरा, गप. ऐक." त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघत सांगायला सुरुवात केली, कारण माणसाकडे बघून हे सांगता आलं नसतं. "इंद्राला कोळसा पेटवायला म्या सांगितलं होतं. फोनवर. दार लाव म्हणलं, फडकं कोंब म्हणलं. समदं माझं सांगणं. लोक म्हणले पोराला अक्कल नव्हती. त्याचा बाप म्हणत-म्हणत मेला. अक्कल होती माझ्या लेकराला. त्यानं आईचं ऐकलं."

चतुराबाईचं रडणं थांबलं.  तिनं वच्छलाबाईंचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. काचेनं दोन बोटं कापली होती आणि ते दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सामिया आणि बाळ घरी आली. वच्छलाबाईंनी वर जाऊन गच्चीत उन्हात बाज टाकली, गोधडी अंथरली आणि सामियाला हाक मारली. "ग्यारा से चार तक इधर बैठनेका. धूप में. बच्ची को तेल लगाके टोपडा बांधनेका. रात को अपने पेट से चिपकाके सोने का. मा का पेट गरम रैता." एकेक वाक्य बोलून त्या थांबत होत्या, आपण बोललेलं कुठं उलटत नाही ना ते बघितल्यासारख्या.

इद्रिस ऐकत होता. तो जवळ येऊन खाली बसला, तेव्हा कुठं दोघांची तोंडं एका उंचीवर आली.

"अम्मा, हमारा व्हॉट्सॲप ग्रुप है. इधर आया हुआ सब लोग. सुदान, यमन, सब. फॅमिलीवाला लोग कमरे में कोयला जलाता, बखूर के लिए, खुशबू का धुआँ. ठंड में सब खिड़की बंद. मैं बोला तो कोई नहीं सुनता. आप बोलो. सब अम्मा का सुनेगा."

वच्छलाबाईंनी त्याच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. सहा वर्षांत त्यांनी फोनवर कुणाला 'असं कर' म्हटलं नव्हतं.

"मेरा नको सुनने कू बोलो," त्या म्हणाल्या. पण इद्रिसनं रेकॉर्डिंगच्या बटणावर बोट दाबून फोन त्यांच्या तोंडापुढं धरलाच होता.

"सुनो," वच्छलाबाईंनी घसा खाकरला. "कमरे में कोयला नक्को जलाओ. शेगडी नक्को, डिब्बा नक्को, थोडासा बी नक्को. जलाना है तो भार जलाओ, आंगन में. उसका जहर दिखता नै, उसकी बास आती नै. नींद आती खाली. सर दुखा, उलटी जैसा लगा, तो उठके भार आने का. दरवाजे के नीचे कपडा नक्को ठूसो. कोई बी बोला तो बी नक्को. घर से मा बोली तो बी नक्को सुनो उसका."

त्या थांबल्या. इद्रिसला वाटलं संपलं, आणि तो बोट उचलणार एवढ्यात त्या पुन्हा बोलू लागल्या, हळू, फोनच्या अगदी जवळ जाऊन, मराठीत.

"थंडी वाजली तर वाजू दे, बाळा. एका रातीच्या थंडीनं कुणी मरत नाय. म्या चुकीचं सांगितलं. तू ऊठ. ते फडकं काढ दाराखालचं. ऊठ इंद्रा, आदी खिडकी उघड."

इद्रिसला मराठी येत नव्हतं. त्यानं बोट तसंच दाबून धरलं.