पेन्सिलीचे स्वल्पविराम

रेगुला गेल्यावर दीड वर्ष मी माझ्या ल्यूटच्या तारांना हात लावला नाही. लोक म्हणाले, दुःख. दुःख तर होतंच, पण खरं कारण वेगळं होतं. मला एकट्याने वाजवताच येत नाही. एक गळा आणि एक ल्यूट, एकतीस वर्षं एवढाच आमचा संसार. ती आता श्वास घेणार, हे तिच्याआधी माझ्या बोटांना कळायचं. बाझलमध्ये माझ्याहून चपळ हाताचे दहा जण सापडतील, आणि ते तसं बोलूनही दाखवतात. पण गाणाऱ्याच्या श्वासाने श्वास घ्यायचं त्यांना जमत नाही.

शेवटच्या वर्षी तिची फुप्फुसं आखडत गेली. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं, तर तिने डॉक्टर बदलला. मग ओळीच्या मधोमध, जिथे कुणीही श्वास घेत नाही तिथे, मी तारेवर किंचित रेंगाळायचो आणि तेवढ्यात ती दम खाऊन पुढे जायची. विसरू नये म्हणून त्या त्या जागी पुस्तकात पेन्सिलीने स्वल्पविराम काढायचो. आधी पानावर दोन होते, शेवटी शेवटी एकोणीस झाले. श्रोत्यांना पत्ता नव्हता. एका पेपरवाल्याने तर आमच्या ‘अर्थपूर्ण शांतते’वर अर्धा रकाना भरला. ते वाचून रेगुला हसता हसता खोकली, आणि मग नुसतीच खोकत राहिली.

सेराइना बाझलला गायला आली गेल्या सप्टेंबरात. एंगाडीनच्या डोंगरातली, सव्वीस वर्षांची, दमसास दांडगा. नाताळाआधीच्या रविवारी आमच्या चॅपेलमध्ये तिची पहिली मोठी मैफल होती, आणि दोन नामवंत गायनसंचांची माणसं तिला पारखायला येणार होती. नेमका तिच्या साथीदाराने सायकलवरून पडून हात मोडून घेतला.

"मास्तर, तुम्ही नाही म्हणालात तर मला रेकॉर्ड लावून गावं लागेल."

"लाव की. तिला सूर तरी लावावे लागत नाहीत. माझी ल्यूट ऱ्हाईनवर धुकं आलं की रुसते."

"म्हणजे हो ना?"

"म्हणजे कॉफी घेणार का?"

आणि मग मी ती चूक केली. जुन्या गाणारीच्या खुणांचं पुस्तक नव्या गाणारीपुढे उघडायचं नसतं. कोरी प्रत काढायची, नव्या माणसाचे श्वास नव्याने टिपायचे, हे आमच्यात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. कोरी प्रत कपाटात होती. मी उठलो नाही.

तालीम चॅपेलवरच्या खोलीत, एक्केचाळीस पायऱ्या चढून. गाणं चारशे वर्षांपूर्वीच्या कुणा अनाम इटालियनाचं, विरहाचं. शेवटची ओळ इतकी लांब, की ती एका श्वासात जाते की नाही यावरच गाणाऱ्याची किंमत होते.

"मास्तर, डुलकी लागली का?" पहिल्याच दिवशी ती म्हणाली. "मध्येच थांबताय."

"बोटं म्हातारी झालीत. तू पुढे चल."

दुसऱ्या तालमीला मी थांबलो तिथे तिने सहज श्वास घेतला. चौथ्या तालमीला तो तिला घ्यावाच लागला. सहाव्या दिवशी त्या श्वासात एक बारीक शिट्टी आली, किटली उकळायच्या आधी वाजते तशी, आणि सेराइनाने उजव्या हाताची दोन बोटं टेबलाच्या कडेवर दाबली. दम पुरेनासा झाला की रेगुला तस्संच करायची. सेराइनाने रेगुलाला कधी पाहिलेलं नव्हतं.

मी घाबरायला हवं होतं. मला आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला. परतताना कोपऱ्यावरच्या खानावळीत भाजल्या पिठाचं सूप मागवलं. दोन वाट्या मागवल्या होत्या, हे त्या समोर आल्यावर कळलं.

मैफलीआधीच्या बुधवारी सेराइना वर आली तेव्हा तिचे ओठ निळसर पडले होते. जिन्यात तीनदा बसावं लागलं म्हणाली.

"डॉक्टर म्हणतो, फुप्फुसं घोड्यासारखी आहेत. घरी एकटी गाते तेव्हा अख्खी ओळ एका दमात जाते, मास्तर. फक्त तुमच्याबरोबर जात नाही. रविवारी असंच झालं तर माझं संपलं." मग हळूच म्हणाली, "तुम्ही कुणासाठी थांबता?"

"कुणासाठी नाही."

"मग थांबू नका ना!"

मी तिच्यादेखत खोडरबर घेतलं आणि एकोणीसच्या एकोणीस स्वल्पविराम पुसले. पान स्वच्छ झालं. वाजवायला बसलो, तर बोटं एकोणीस ठिकाणी थांबली. शेवटच्या ओळीत सेराइना अर्ध्यावर तुटली, ओठ घट्ट मिटून टेबलाला धरून उभी राहिली. शिट्टी मात्र वाजतच राहिली. दोघांनीही ती ऐकली. ती खोलीत आमच्यामध्ये, उभ्या बाईच्या तोंडाच्या उंचीवर वाजत होती.

"वारा आहे," मी म्हटलं. खिडक्या सगळ्या बंद होत्या.

त्या पोरीने माझ्याकडे पाहिलं, ते मी विसरणार नाही. रडली नाही. "मला गायचंय हो," एवढंच म्हणाली आणि कठड्याला धरून खाली उतरली.

शनिवारी दुपारी मी एकटाच वर गेलो. ल्यूट लावली. एरवी अर्धा तास छळणाऱ्या तारा त्या दिवशी एका झटक्यात सुरात आल्या. रेगुला जिथे उभी राहायची तिकडे तोंड करून बसलो.

"रेगुला, बास कर आता. चूक माझी आहे, तुला मीच बोलावलं. पण त्या पोरीचा श्वास तिचा तिला राहू दे. तुला हवाच असेल तर माझा घे."

आणि मी गायला लागलो. एकतीस वर्षांत मी तोंड उघडलं नव्हतं. गळा म्हणजे तेल न घातलेलं दार. रेगुला असती तर कान धरून बाहेर काढलं असतं. तरी गात राहिलो, आणि जिथे जिथे तिचा स्वल्पविराम होता तिथे तिथे तिच्यासारखा अर्धवट श्वास घेतला. सहाव्या जागी आत घेतलेला श्वास पुरता बाहेर आला नाही. बाराव्या जागी छातीत शिट्टी वाजली. एकोणिसाव्या जागी तार अजून घुमत होती, आणि माझ्या उजव्या हाताची दोन बोटं टेबलाच्या कडेवर दाबलेली होती. ती मी ठेवली नव्हती.

रविवारी सेराइना एक्केचाळीस पायऱ्या धावत चढून आली, गाल लाल. मैफलीत शेवटची ओळ तिने एका श्वासात गायली, वर शेवटचा सूर उगाच लांबवलाही. माझी बोटं कुठे म्हणून थांबली नाहीत. पहिल्यांदाच ती रिकामी वाटली.

"मास्तर, थांबलाच नाहीत तुम्ही!" तिने आत येऊन मला मिठी मारली. दोन्ही संचांनी तिला घ्यायची तयारी दाखवली. "कसं जमलं?"

"कोरी प्रत काढली," मी म्हटलं.

आता ती व्हिएन्नात असते, पत्रं पाठवते, दमसास विचारू नका. मी अजून वरच्या खोलीत जातो. गेल्या आठवड्यात सोळाव्या पायरीला थांबावं लागलं होतं, काल बाराव्या. छातीत शिट्टी वाजते, ओळखीची. डॉक्टरांकडे गेलेलो नाही. शेवटच्या वर्षी मी तिच्यासाठी थांबायचो. आता मी कठड्याला धरून दम खातो, तेवढा वेळ वरच्या पायरीवरची पावलं थांबतात, आणि मी निघालो की मगच पुढे चढतात.