पाचवी चादर

"थांबा, थांबा, थांबा!"

काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाल्याचा आवाज हेडफोनमध्ये आला आणि थोरलीच्या हातातल्या ड्रमच्या काठ्या हवेतच राहिल्या. सकाळपासूनची ही सातवी वेळ.

"काकू, तुम्ही परत निसटलात. कानात क्लिक ऐकू येतोय ना? टक टक टक टक. चार. तो सोडायचा नाही."

"मी नाही हो सोडत," थोरली म्हणाली, "तोच मला सोडून जातोय."

शेजारी गिटार घेऊन उभी असलेली तिची धाकटी जाऊ फिस्सकन हसली. कोपऱ्यात बेस गिटार गळ्यात अडकवून उभा असलेला दातवालाही हसला. तो कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होता, म्हणून सगळे त्याला दातवालाच म्हणत.

थोरलीला मात्र यात हसण्यासारखं काही दिसेना. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत बावीस वर्षं काढली, पण तिच्या कामात चूक काढायची कुणाची छाती झाली नव्हती. आणि इथे, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी काचेच्या खोलीत बसवून "वाजवा" म्हणालं, तर ही फजिती!

खरं तर या सगळ्या भानगडीचं मूळ धाकटी. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन ती घरात आली ती गिटार घेऊन. लांबट पेटी बघून सासूबाईंना वाटलं, सुनेनं इस्त्रीचं टेबल आणलंय, आणि बिचाऱ्या दोन दिवस खूश होत्या. धाकटी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायची आणि घरी आली की तारा छेडत बसायची. एका रविवारी ती अशीच छेडत असताना कपडे धुवायला बसलेल्या थोरलीनं पालथ्या बादलीवर हात चालवले. धाकटी बघतच राहिली.

"ताई, हे कुठे शिकलात तुम्ही?"

"शिकायचंय काय त्यात? हात चालतात आपले."

पुढे मागच्या खोलीत जुना ड्रमसेट आला. शेजारपाजारच्यांनी तक्रारी केल्या. दातवालाही तक्रार करायलाच आला होता, पण दारात उभा राहून दहा मिनिटं ऐकलं, घरी गेला आणि बेस घेऊन परत आला. असा हा बँड जमला. मग धाकटीनं गाणं लिहिलं, 'जाऊ दे'. डाग जात नाही आता, जाऊ दे. बस काही थांबत नाही, जाऊ दे. अशा सतरा कटकटी सोडून देत देत शेवटी गाणं वळायचं: मला आता फक्त एक जाऊ दे! ती ओळ पहिल्यांदा ऐकली तेव्हा थोरलीला आधी हसू फुटलं आणि मग रडू आवरेना. पदराला डोळे पुसत ती म्हणाली होती, "मेली, असलं काही लिहितात का!"

आता तेच गाणं अडलं होतं. रेकॉर्डिंगवाला दार उघडून आत आला. पोरगा शांत स्वभावाचा, पण त्याचाही घाम निघाला होता.

"काकू, रागावू नका. तुमचं गाणं पाचात जातंय."

"पाचात म्हणजे?" दोघी जावा एकदम म्हणाल्या.

"म्हणजे मी चार मोजतो, तुम्ही पाच वाजवता. दर खेपेला एक ठोका जास्तीचा."

दातवाल्यानं घसा खाकरला. "हो, पाचातच आहे. पहिल्या दिवसापासून."

"आणि तुम्ही दोन वर्षं गप्प?" धाकटी किंचाळलीच.

"मला वाटलं मुद्दाम करताय. तुम्हीच म्हणता ना, आपलं आल्टरनेटिव्ह रॉक आहे? म्हटलं, असेल तसं. आपलं अज्ञान कशाला दाखवा!"

धाकटीनं कपाळावर हात मारून घेतला. रेकॉर्डिंगवाला समजुतीच्या सुरात म्हणाला, "सोपं आहे. ड्रम मी मशीनवर टाकतो, चारात. दहा मिनिटांचं काम. काकूंचं नाव राहीलच."

"टाका की मग," थोरली म्हणाली आणि काठ्या ठेवून उठली. आवाज तिनं अगदी नेहमीसारखा ठेवला. घर, लॉन्ड्री, सासूबाईंची औषधं, सगळं तिनं केलं ते करायला लागलं म्हणून. हे एकच काम तिनं कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं, आणि तेवढंच तिला येत नव्हतं म्हणे.

मशीनचे ड्रम सुरू झाले. धप धप, साफसूफ, इकडचं तिकडे नाही. धाकटी गायला लागली. "डाग जात नाही आता," इथवर आली आणि "जाऊ दे" म्हणेपर्यंत पुढचा ठोका येऊन आदळला. दुसऱ्या ओळीत तेच. तिसऱ्या ओळीला तिनं हेडफोन काढून टाकला.

"हे माझं गाणं नाही. ताई वाजवणार नसतील तर राहू दे."

"वेड लागलंय का तुला?" थोरली उसळली. "दोन वर्षं घासलीस यावर! माझ्यापायी वाया घालवतेस?"

"तुमच्यापायीच झालंय ते! तुम्ही वाजवत होतात, मी फक्त त्यावर शब्द बसवत गेले. कळत कसं नाही तुम्हाला?"

सहा वर्षांत जावांचं हे पहिलं भांडण, तेही परक्यासमोर. दातवाला बेसच्या तारा पुसायला लागला. पुसायला काही नव्हतं, तरी.

"एक मिनिट," रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "काकू, तुम्ही मनात मोजता कसं?"

थोरली लाजली. "काय सांगू आता? लॉन्ड्रीत मोजतो तसंच की." तिनं हवेतच हात चालवून दाखवले. "चार चादरींच्या घड्या एकावर एक. पाचवी पसरायची, त्या चार तिच्यात घालायच्या आणि बांधायचं. एक, दोन, तीन, चार, गाठ. एक, दोन, तीन, चार, गाठ. झाला गठ्ठा. दिवसाचे शंभर होतात."

मग धाकटीनं हळूच म्हणून पाहिलं, "डाग... जात... नाही... आता... जाऊ दे." पाचव्यावर, बरोब्बर गाठीवर. तिचे डोळे चमकले. "अगं बाई! ताई, अख्खं गाणं तुमच्या चादरीत बांधलंय!"

रेकॉर्डिंगवाला तोवर काचेपलीकडे पोहोचलाही होता. "क्लिक बंद केलाय. काकू, तुम्ही तोंडानं मोजा, आम्ही सगळे तुमच्यामागे."

थोरली बसली. साडी खोचली. "एक, दोन, तीन, चार, गाठ!" आणि मग जे काही सुटलं, त्याला तोड नव्हती. धाकटी घसा फाटेस्तोवर गायली, दातवाला चक्क नाचत होता. थोरलीला वाटलं, हे संपूच नये. तीन मिनिटांनी झांज थरथरत थांबली, तेव्हा तिची चोळी घामानं भिजली होती आणि ती वेड्यासारखी हसत होती.

"एकदम पास," काचेपलीकडून आवाज आला. "सुरुवातीला तुम्ही ओरडलात ना, ते मी काढणार नाही हां!"

गाणं शुक्रवारी सकाळी आठला इंटरनेटवर येणार होतं. थोरलीची ड्युटी सातची आणि लॉन्ड्री तळघरात, तिथे फोनला रेंज मुळीच नाही. आठला दोन मिनिटं कमी असताना ती उतारावरून धापा टाकत वर गेली, गाणं फोनमध्ये उतरवून घेतलं आणि खाली येऊन फोन रिकाम्या स्टीलच्या बादलीत उभा केला. तेवढाच आवाज मोठा. सातआठ जणी काम टाकून भोवती जमल्या.

"कुणाचं गं हे?" इस्त्रीवालीनं विचारलं.

"आमच्या धाकटीचं," थोरली म्हणाली. दोन वर्षं ती हेच उत्तर देत आली होती.

गाणं वाजलं. दुसऱ्या कडव्याला इस्त्रीवालीची मान डोलायला लागली. शेवटच्या ओळीला सगळ्या खो खो हसल्या. "परत लाव, परत लाव!" गिल्ला झाला. परत लागलं. तिसऱ्यांदा लागलं, आणि जिन्यावर सुपरवायझरांचे बूट वाजले. बायका पटापट पांगल्या. थोरली तेवढी बादलीपाशी राहिली.

"काय चाललंय? ड्युटीवर गाणी?" त्यांनी बादलीकडे बोट केलं. "कोण वाजवतंय हे?"

इस्त्रीवाली तिला डोळ्यांनी खुणावत होती, बंद कर, बंद कर. बादलीतून धाकटीचा आवाज येत होता आणि त्याच्याखाली, प्रत्येक ओळ उचलून धरत, ड्रम.

थोरलीनं ओले हात पदराला पुसले.

"मी वाजवतेय, साहेब," ती म्हणाली. "ड्रम माझे आहेत."

सुपरवायझरांनी एकदा बादलीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, आणि गाणं संपेपर्यंत तिथेच उभे राहिले.